मोहाखाली अंथरलेली ऊब

चामोर्शीच्या बसस्थानकावर उतरलो तेव्हा आमच्या अकरा जणांच्या पथकाकडे चाळीस ब्लँकेटं होती. एकाचं वजन एक किलो दोनशे ग्रॅम, म्हणजे एकूण अठ्ठेचाळीस किलो. हे मला नक्की माहीत आहे, कारण ठाण्याहून निघताना प्रत्येकाची पिशवी मीच माझ्या हातकाट्यावर तोलली होती. नोकरी धान्याच्या गोदामात. न तोललेली वस्तू मला उचलवत नाही. महिना मार्चचा आणि दुपारचं तापमान अडतीस. या दोन आकड्यांचा ब्लँकेटांशी मेळ कसा घालायचा, असं मी आमचे नेते अविनाशराव यांना गाडीतच विचारलं होतं. ते म्हणाले, "ऊब ही भावना आहे."

जंगलापलीकडची माणसं मार्कंड्याच्या जत्रेला ज्या पायवाटेने पिढ्यान्‌पिढ्या येत आली, ती चालायची आणि वाटेवरच्या दुर्गम गावांना मदत करायची, असा आमच्या मंडळाचा उपक्रम. पत्रकात तिला 'ऐतिहासिक पदभ्रमण मार्ग' म्हटलं होतं. भेटलेल्या एका गुराख्याला मी हे नाव सांगितलं.

"आमी तं हिले वाटच म्हंतो जी," तो म्हणाला. "आन् हे एवढं ओझं घेऊन पायी काऊन चालून राह्यले? गाडी बिघडली का?"

मार्कंड्याला वैनगंगेत पाय बुडवले. देवळाच्या एका भिंतीवरच्या मूर्ती मोजायला लागलो, पण पथकाचा फोटो निघायचा होता म्हणून अर्ध्यात सोडाव्या लागल्या. तिथून सतरा किलोमीटर चालून एका शाळेच्या ओसरीत मुक्काम केला. पुढच्या गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आणखी कोणी ब्लँकेटं घेऊन पोचेल.

त्या गावाला अविनाशरावांनी आधीच निरोप धाडला होता: सकाळी सात वाजता एकूण एक माणूस समाजमंदिरापुढे हजर हवा. सातचं ऊन फोटोला चांगलं असतं.

आम्ही साडेपाचला निघालो. वाटेवर कचरा उचलणं हाही उपक्रमाचाच भाग. गाव अर्ध्या तासावर आलं असताना मोठ्या झाडांखाली काहीतरी पसरलेलं दिसलं. जवळ गेलो, तर ब्लँकेटं! एकूण सात. मळकी, दवाने ओली आणि त्यांवर पांढऱ्या ठळक अक्षरांत आमच्याच मंडळाचं नाव. दोन वर्षांपूर्वीची खेप होती ती.

अविनाशरावांनी एक ब्लँकेट उचलून धरलं. "आपण एवढ्या प्रेमाने दिलं, आणि यांनी रानात फेकलं."

ब्लँकेटांवर पांढुरक्या, रसाळ फुलांचा खच होता. हवेत गोडसर, आंबूस वास होता. आम्हांपैकी एकालाही ती फुलं ओळखता आली नाहीत. आम्ही ती झटकली. मी स्वतः दोन ब्लँकेटं झटकली, चारही कोपरे नीट धरून, एकही फूल चिकटून राहू नये अशा बेताने. मग घड्या घातल्या आणि निघालो. मागे वळून पाहिलं, तर चार गाई आमच्या जागेवर येऊन उभ्या होत्या.

समाजमंदिरापुढे सगळं गाव बसलं होतं. अविनाशरावांनी सातही घड्या टेबलावर मांडल्या आणि दिलेल्या वस्तूचा मान राखण्याविषयी बोलायला सुरुवात केली. दुसरंच वाक्य चालू असताना पन्नाशीच्या एक बाई उठल्या. नाव जयवंताबाई. त्यांनी एक घडी उलगडली, हुंगली आणि विचारलं, "यावरचा मोह कुठी हाय?"

"कसला मोह?"

"फुलं, बाप्पा! फुलं!"

"ती आम्ही झटकली," मी म्हणालो. खोटं बोलण्याची सवय नाही.

मग एक म्हातारा खो खो हसत सुटला. "जयवंता, तुह्या झाडाले या साली मोह खायाले अस्वल नाई आलं म्हनत होतीस ना? आले पाह्य, अकरा!"

जयवंताबाई हसल्या नाहीत. मोहफुलं वर्षातून जेमतेम तीन आठवडे पडतात. पहाटे पडलेलं फूल गुरांच्या आधी गोळा करायचं, वाळवायचं आणि चामोर्शीच्या बाजारात विकायचं. घरचं वर्षाचं तेल-मीठ त्यावर. नवऱ्याचा पाय मोडलेला, म्हणून वेचायला त्या एकट्याच. फूल मातीत पडू नये म्हणून ब्लँकेटं अंथरलेली. रोज सात वाजता त्या झाडाखालीच असतात. आज आम्ही बोलावलं म्हणून इथे बसल्या होत्या.

"रोज किती निघतं?" मी विचारलं.

"चौदा किलो. कधी पंधरा."

मी काटा काढला. अविनाशराव म्हणाले, आधी वाटप उरकू. "आधी मोह," जयवंताबाई म्हणाल्या आणि चालू लागल्या. त्यांच्यामागे अख्खं गाव उठलं, आपापल्या झाडांकडे. टेबलापाशी फक्त आम्ही उरलो. मग आम्हीही गेलो.

गाईंनी सोडलेली फुलं आम्ही अकरा जणांनी पाचोळ्यातून दोन तास वेचली. अविनाशरावांची कंबर विसाव्या मिनिटाला धरली. आमचं सगळ्यांचं मिळून वजन भरलं चार किलो, त्यात किलोभर पानं आणि खडे. जयवंताबाईंनी एकट्यांनी सहा वेचली. म्हणजे नऊ किलो निव्वळ. पाच किलो आमच्या नावावर बुडाले. मी हे मोठ्याने सांगितलं.

"तुमी तोलता तं बरोबर," त्या काट्याकडे बघत म्हणाल्या. "बाजारातला शेठ दहाचे आठच दाखवते. हा काटा खरा हाय का, भाऊ?"

"खरा आहे."

"मंग हाच ठेवून जा. कंबल घेऊन जा पाह्यजे तं."

मी काटा दिला. बावीस वर्षांची सोबत होती, पण पाच किलोंची भरपाई होईल असं माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे आमची पाण्याची बाटली लटकवून तो तपासून घेतला. मग आम्हांला सावलीत बसवून जावा (तांदळाच्या कण्यांची पातळ पेज) पाजला.

चाळीस ब्लँकेटं मात्र गावाने ठेवून घेतली. जयवंताबाईंचीच आणखी दोन झाडं उघडी होती. निरोप देताना म्हणाल्या, "पुढच्या साली आनजा, पन पातळ आना. मोठे आना. फूल पडाच्या आधी आना. आन् त्यावर नाव नका छापू, भाऊ. पांढऱ्या अक्षरावर पांढरं फूल दिसत नाई."

ठाण्यात परतल्यावर मंडळाची बैठक झाली. अहवालात 'चाळीस ब्लँकेटं दिली' याखाली 'पाच किलो मोह बुडवला' अशी ओळ मी घातली होती. ती जागेअभावी गळली. जयवंताबाईंच्या चारही सूचना मी वाचून दाखवल्या. पहिल्या तीन एकमताने मंजूर झाल्या.