बाजूचं दार

देवळातली दर्शनाची रांग बराच वेळ हलत नव्हती, तशी माझी चुळबुळ वाढत होती. माझ्या अगदी शेजारीच एक दार होतं. त्यावर पाटी होती, ‘दिव्यांगांना थेट प्रवेश’. तेवढ्यात चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एक वयस्कर बाई आल्या आणि त्यांच्यामागून भाचे, सुना, पोरं, अख्खं बिऱ्हाड.

“एवढे सगळे?” पहारेकऱ्यानं विचारलं.

“आत्याच्या सोबतीला आहोत,” थोरला भाचा म्हणाला. सगळ्यांना सोडलं. माझ्या कपाळाला आठी पडली.

पण दारातून आत जाताच पायऱ्या होत्या.

“आत्या, तू बस इथंच. आम्ही पटकन जाऊन येतो,” म्हणत मंडळी आत पळाली. आत्याबाईंच्या मांडीवर पर्सा, पिशव्या, कुणाचा तरी स्वेटर. सवलत त्यांच्या नावाची, आणि देवाकडे त्यांच्याशिवाय बाकी सगळे गेले. आता चिडावं तरी कुणावर? भाच्यावर, पाटी लावणाऱ्यावर, की मघाशी या बाईंवरच चिडलेल्या माझ्यावर? मला तिथं उभं राहवेना.

“आम्ही रांगेतले चौघं मिळून उचलून नेऊ का खुर्ची?” मी रांगेच्या कठड्यावरून वाकून विचारलं.

त्यांनी पिशव्या जवळ ओढल्या.

“नको हो. मग सामान कोण बघणार?”