रंजिताचे चहाविना नऊ दिवस

एकवीस किलोमीटरची अर्धमॅरेथॉन सव्वादोन तासांत संपवायचा बेलपाड्याच्या रंजिताचा बेत गेल्या वर्षी चाळीस सेकंदांनी हुकला, तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. बेचाळिशीची बाई. शाळेच्या बसमध्ये मुलं सांभाळायची नोकरी, आणि दिवसाला सात कप चहा.

सोबत धावणारा गुरुदत्त म्हणाला, "ताई, कॅफिनने दम टिकतो. पण तुमच्या अंगाला त्याची सवय झालीय. नऊ दिवस चहा बंद करा आणि शर्यतीच्या सकाळी कॅफिनच्या या दोन गोळ्या घ्या."

तिसऱ्या दिवशी डोकं फुटायला आलं. बसमध्ये ती मुलांवर खेकसली, घरी आमटीत दोनदा मीठ पडलं. सासू गुणाबाई वैतागली. "अगो, चाय सोडलीस का आमाला सोडलंस? येक कप पी नि गप बस."

"नाय आई. रविवारपर्यंत नाय."

रविवारी तिने दोन्ही गोळ्या गिळल्या. शर्यत सुरू होण्याआधीच हात थरथरायला लागले, छातीत धडधड. बत्तीस मिनिटांत धावायचे पहिले पाच किलोमीटर तिने अठ्ठावीसमध्ये कापले. थांबवत नव्हतंच. बाराव्या किलोमीटरला पोटात असा पीळ पडला की ती पेट्रोल पंपाच्या संडासाकडे धावली.

बाहेर येऊन कठड्यावर बसली, तर काळीज काही जागेवर येईना. पहिल्यांदाच तिला भीती वाटली. घड्याळाकडे न बघता ती पाणी पीत बसून राहिली. धडधड ओसरल्यावर उठली, थोडं चालत, थोडं धावत दोन तास एकतीस मिनिटांनी पोचली.

गुरुदत्त ओशाळला. "मला तर कधी त्रास झाला नाही हो."

"तुझं पोट वेगळं, माझं वेगळं. आधी सरावात घेऊन बघायला हवं होतं. चूक माझीही आहेच."

त्या दुपारी झोप येईना म्हणून तिने घरातले सगळे पडदे धुतले आणि ते वाळायच्या आत फेब्रुवारीच्या शर्यतीत नाव घातलं.

"परत?" गुणाबाईने कपाळाला हात लावला.

पुढचे तीन महिने चहा पुन्हा पहिल्यासारखा चालला. रविवारच्या लांब धावेआधी मात्र ती कधी अर्धा कप कॉफी घेऊन बघायची, कधी एक. एक कप पोटाला मानवला. फेब्रुवारीत तेवढाच घेतला, सुरुवातीला पाय आवरून धरले. दोन तास तेरा मिनिटं!

हे कॉफीने झालं की दमाने धावल्याने, ते काही तिला कळेना. रात्रभर तोच विचार. सकाळी तिने आणखी एका शर्यतीत नाव घातलं, या वेळी कॉफीशिवाय.