रेंज नाई
वाळलेल्या मोहफुलांचा वास आला, की मला मुलचेऱ्यातलं माझं ऑनलाइन सेंटर आठवतं. तापलेलं टिनाचं छत, करकरणारा पंखा आणि बाकावर मोहाचं गाठोडं मांडीवर घेऊन बसलेली ती बाई. तिच्या पोरीच्या नर्सिंगच्या फॉर्मचा शेवटचा दिवस होता आणि सकाळी कॉम्प्युटरनं अपडेट घेतल्यापासून इंटरनेट बंद होतं. आमच्याकडे नेट गेलं, की दोष टॉवरचाच. कॉम्प्युटरकडे कोणी बघत नाही. मीही डोंगल खिडकीत टांगला, टॉवरला मनसोक्त शिव्या घातल्या आणि म्हणालो, "रेंज नाई बाई, उगाच कायले थांबता?" "थांबतो नं मी," ती म्हणाली. ऊन उतरलं, तरी ती हलली नाही. तेवढ्यात तिचा मोबाईल वाजला. होस्टेलवरून पोरगी मोठ्यानं विचारत होती, "माय, भरला काय वं फारम?" मी ताडकन उठलो. गावात टॉवर एकाच कंपनीचा, तिचं आणि डोंगलचं सिमही त्याच कंपनीचं, म्हणजे रेंज होती! सेटिंग उघडली, तर अपडेटनं नेटवर्कच बंद करून ठेवलेलं. ते चालू केलं आणि फॉर्म गेला. परवा ताप आला म्हणून दवाखान्यात गेलो, तर फॉर्मवरच्या फोटोतली तीच पोरगी नर्सच्या कपड्यांत कॉम्प्युटरपुढे कपाळाला हात लावून बसलेली. "काल अपडेट झालं, तवापासून रेंजच नाई भाऊ," म्हणाली. मी फक्त तिचा नंबर विचारला आणि रिंग दिली. टेबलावरचा तिचा मोबाईल खणखणीत वाजला.