साडूला वळसा घालणारी तार

आमच्या गावचा पहिला टेलिफोन मी चुकीच्या एक्स्चेंजला जोडून घेतला. कारण बरोबरच्या एक्स्चेंजवर माझा साडू बसत होता.

एवढ्या दोन वाक्यांत खरं तर सगळं आलं. पण माणसानं स्वतःचा मूर्खपणा असा दोन ओळींत उरकू नये. हल्ली आमची सून मोबाइलची कंपनी बदलायला निघाली की घरात दोन दिवस परिषद भरते. रेंज कुणाची, नेट कुणाचं, शेतात कुणाचं लागतं. सगळ्यांचं मत घेतात, माझं घेत नाहीत. माझं मत एकदा अख्ख्या गावानं घेतलं होतं, ही गोष्ट आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे.

तेव्हा मी गावच्या विविध कार्यकारी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. मॅट्रिक झालेला, खिशाला दोन पेनं लावणारा, आणि त्यातलं एक न चालणारं. पावसानं सलग दुसरं वर्ष दगा दिला होता. आदल्या उन्हाळ्यात गावाला टँकर होता. टँकर पाच मैलांवरच्या बाजारगावातून यायचा, तिथं तेरणा नदीच्या पात्रातल्या विहिरीवर भरायचा, आणि कुठल्या गावाला खेप द्यायची हेही तिथल्याच ऑफिसातला कारकून सकाळी ठरवायचा. त्याचा नियम सोपा होता. दहाच्या आत ज्या गावचा माणूस टेबलापुढं उभा, त्या गावाला खेप. जे गाव आलं नाही त्याला तहान नाही. म्हणून आमचा कोतवाल रोज उजाडताच सायकल हाणत तिकडं जायचा. एकदा चाक पंक्चर झालं, तर गाव दोन दिवस कोरडं राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात ही पाळी नको म्हणून सोसायटीनं फोन मागितला. म्हणजे फोन मागितला तो पाण्यासाठी. हे वाक्य मी मुद्दाम सांगून ठेवतो, कारण पुढं ते फक्त एकाच माणसाच्या ध्यानात राहिलं.

त्या काळी फोनला कंपन्या नव्हत्या, खातं एकच. पण आमचं गाव पडलं दोन एक्स्चेंजच्या बरोबर मध्ये. लाइनचा इन्स्पेक्टर आला, खांब मोजले आणि म्हणाला, "दोन्हीकडनं अंतर सारखंच. एक्स्चेंज कुठलं पाहिजे ते तुम्हीच ठरवा. संध्याकाळपर्यंत ठराव द्या." आणि त्यानं मला हेही नीट समजावलं की ज्या एक्स्चेंजची तार घ्याल, तिथले सगळे नंबर हँडल फिरवलं की लगेच मिळतील. बाहेरचं कुठलंही गाव पाहिजे असेल तर ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट बघायची.

हे मी सभेत सांगायला विसरलो. विसरलो म्हणजे, गाळलं.

एक एक्स्चेंज होतं हायवेवरच्या मोठ्या गावात. तिथं ट्रका, दवाखाने, पेट्रोल पंप, सिनेमा. दुसरं बाजारगावात, एका आडत दुकानाच्या मागच्या खोलीत. तिथं एक बोर्ड, एक स्टूल आणि स्टुलावर माझा साडू.

साडूचं आणि माझं दोन वर्षं बोलणं बंद होतं. कारण असं की मेहुण्याच्या लग्नात सासऱ्यांनी साडूला फेटा बांधला आणि मला टॉवेल-टोपी दिली. मी थोरला जावई. विचारलं तर सासरे म्हणाले, "ते सरकारी नोकरीत हायत. तुम्ही काय, सोसायटीत." त्या टोपीसकट मी मांडवातून उठलो आणि बायकोला न सांगता एस.टी.नं घरी आलो. फेटेवाला हसत होता, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, त्याला फेटा घट्ट झाला असेल.

तर हा फोन बाजारगावाला जोडला असता, म्हणजे रोज सकाळी हँडल फिरवायचं, पलीकडून त्यानं "नंबर?" विचारायचं, आणि मी अदबीनं नंबर सांगायचा. द्यायचा की नाही ते त्याच्या हातात. टोपीच्या माणसानं फेट्याच्या माणसाकडं रोज नंबर मागायचा! त्यापेक्षा गाव तहानलेलं परवडलं. असं मी तेव्हा स्वतःशी म्हणालो नाही, पण वागलो ते नेमकं असंच.

संध्याकाळी सभा भरली. आमचे चेअरमन चहा येईपर्यंत जागे राहत आणि चहा पिऊन डोळे मिटत. बाकीचे संचालक चेअरमनकडं बघून हात वर करत. अशा विद्वानांपुढं मी भाषण ठोकलं. "खेड्याची तार खेड्याला जोडून काय उजेड पडणार? मोठ्या गावाला जोडा. दवाखाना जवळ, मार्केट जवळ. उद्या गावाची प्रगती झाली तर तार आधीच तिथं पोचलेली असंल!" प्रगती हा शब्द ऐकून चेअरमननी एक डोळा उघडला.

सभासदांत एक आक्का होत्या. बौद्ध वस्तीतल्या. थोरला मुलगा रेल्वेत नोकरीला, पण तीन एकर त्या स्वतः कसत आणि सभेला कधी चुकत नसत. त्यांच्या वस्तीतली विहीर उथळ. गावात पाणी आटायला तिथनंच सुरुवात व्हायची. त्या दाराजवळून म्हणाल्या, "टँकर कुणीकडनं येतो?"

"बाजारगावाकडनं."

"मग तार तिकडंच न्या की. हायवेवर काय नळ हायत व्हय?"

संचालक हसले. मी हसलो नाही, मी शिकलेला होतो. म्हणालो, "आक्का, तार म्हणजे रस्ता न्हाय. तार एकदा जोडली की जगात कुठंबी बोलता येतं."

"जगाला काय बोलायचंय मला? पाणी मागायचंय."

"लई खोलात जाऊ नका, त्यातलं आम्हांला कळतं," चेअरमन म्हणाले आणि डोळा मिटला.

आक्का उठल्या. "मग माझं नाव घालू नका त्यात."

मी चालणाऱ्या पेनानं ठराव लिहिला : सर्वानुमते मंजूर.

घरी बायकोनं फक्त एवढंच विचारलं, "फोन हायवेला न्हेला म्हणं? माझ्या बहिणीच्या नवऱ्याला चुकवायला एवढे खांब रोवणार व्हय सरकार?" बायको सभेला येत नाही हे किती बरं, असं मी त्या रात्री मनात म्हणालो.

खांब आले, तार आली, फाल्गुनात फोन आला. काळा, जड, बाजूला हँडल. नारळ फुटला, चेअरमननी फोनला कुंकू लावलं आणि पहिला कॉल करायला पुढं झाले. पण करायचा कुणाला? हायवेच्या गावात आमच्या कुणाचंच कुणी नव्हतं. शेवटी त्यांनी एक्स्चेंजलाच केला. पलीकडच्या बाईंच्या बोलण्यात कानडी हेल होता. "नंबर रीऽ?"

"नंबर न्हाय. आम्ही बोलतोय."

"बोला की."

"झालं बोलून. ठेवू का?"

"ठेवा की."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर महिनाभर चेअरमन रोज सकाळी पेट्रोल पंपाला फोन करून डिझेल आहे का विचारत. त्यांच्याकडं बैलगाडी होती.

चैत्रात वस्तीची विहीर आटली, आठ दिवसांत गावची. सकाळी कोतवालानं सायकल भिंतीवरून काढली आणि माझ्याकडं आला. "निघू का, सेक्रेटरी?"

"ठेव ती. सायकलीचे दिवस गेले आता," मी म्हणालो. हे वाक्य बोलायला मी चार महिने थांबलो होतो.

आठ वाजता हँडल फिरवलं. बाजारगावचं ऑफिस मागितलं. बाई म्हणाल्या, "ते आमच्यात येत न्हाय. ट्रंक बुक करा. आम्ही जिल्ह्याला सांगणार, जिल्हा बाजारगावला सांगणार. लाइन मिळंल तशी देते."

म्हणजे पाच मैलांवरच्या माणसाशी बोलायला माझा आवाज आधी अर्धा जिल्हा हिंडून येणार होता. मी बुक केला आणि फोनसमोर बसलो. फोन आज पाणी मागणार ही बातमी पसरलीच होती. एकेक बाई घागर घेऊन आली आणि सोसायटीच्या ओसरीवर बसली. नऊपर्यंत तीस घागरी झाल्या. सगळ्या त्या काळ्या डब्याकडं बघत होत्या, जणू त्यालाच तोटी फुटणार होती.

आक्का सगळ्यांत पुढं. "नऊ वाजले. सायकल काढा."

"आता कधीबी लागंल आक्का. आपण निघालो आन् कॉल आला तर?"

"तर घेतील की हे चेअरमन. डिझेल तर रोज विचारतेत."

मी ऐकलं नाही. दहा वाजले. अकराला घंटा वाजली, सगळ्या बायका उभ्या राहिल्या, बाई म्हणाल्या, "जिल्हा बिझी हाय." बायका बसल्या. साडेबाराला पुन्हा वाजली. उचलला तर नुसती वाऱ्याची घरघर. एवढ्या वेळात कोतवाल दोनदा जाऊन आला असता, वाटेत चहा पिऊन. पण सायकल काढायची म्हणजे आक्कांचं खरं करायचं, आणि मी ठराव लिहिलेला माणूस!

तीन वाजता घंटा वाजली. "बाजारगाव बोला, बाजारगाव!" आणि पाठोपाठ लांबून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा एक आवाज आला : "नंबर?"

साडू.

अर्धा जिल्हा फिरून माझी तार नेमकी त्याच्याच स्टुलाशी येऊन उभी राहिली होती. बाजारगावात दुसरं एक्स्चेंज नव्हतंच, तर ती जाणार कुठं? एवढी साधी गोष्ट मला चार महिन्यांत सुचली नव्हती. आणि आता मला सुचलं काय? खिशातला रुमाल काढून फोनवर धरला आणि जाडा आवाज काढून म्हणालो, "टँकरचं ऑफिस जोडा."

"कोण बोलतंय?"

"सोसायटी."

तो म्हणाला, "साडूभाऊ, तोंडावरचं काढा. जीव गुदमरंल."

मी रुमाल काढला. तो म्हणाला, "खेपा दहालाच वाटल्या. तुमच्या गावचं कुणी आलं न्हाय, म्हणून तुमची खेप दुसरीकडं गेली. सकाळी बोलायचं न्हाय व्हय?"

"सकाळपास्नंच बोलतोय!"

"ओरडा जरा, ऐकू येत न्हाय!"

ट्रंक कॉलवर ओरडावंच लागतं. खाजगी असं त्यात काही उरत नाही. मी तीस घागरींसमोर ओरडलो, "एक खेप द्या! विहीर आटलीय!"

"ड्रायव्हर समोरच चहाला बसलाय. सांगतो मी त्याला, साहेबालाबी सांगतो. पण मला एक सांगा, दोन वर्षं आमचं काय चुकलं?"

मध्येच बाई म्हणाल्या, "तीन मिनटं होत आली रीऽ."

आता रुसवा काढायची आमच्यात एकच रीत. त्यात माफी नसते, जेवायला बोलावणं असतं. मी डोळे मिटले आणि गावभर ऐकू जाईल असं ओरडलो, "पाव्हणं, आजच आमच्या घरी जेवायला या!"

मागनं आक्कांचा आवाज आला. "जेवायला बोलवतोय त्याला. हात धुवायला काय देणार म्हणावं?"

बायका अशा हसल्या की घागरी एकमेकींवर आपटल्या. तेवढ्यात लाइन तुटली. त्यानं ऐकलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. पुन्हा बुक केला असता तर पाणी पावसाळ्यातच आलं असतं. आम्ही सगळे रस्त्याकडं बघत बसलो. मी जरा बाजूला, कारण माझ्याकडं बघितलं की कुणीतरी फिसकन हसायचं.

ऊन कलताना धुरळा उठला. टँकर आला. ड्रायव्हरच्या शेजारी साडू बसला होता, मांडीवर जिलेबीचा पुडा घेऊन. डोक्याला उन्हासाठी उपरणं गुंडाळलेलं. मी पहिल्यांदा ते फेटा आहे की काय हेच बघितलं. माणूस सुधारत नाही.

आक्कांनी आधी वस्तीच्या घागरी लावल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. पहिली भरल्यावर त्यांनी साडूला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि मला विचारलं, "ह्याच्याशी बोलायचं टाळाया तार हायवेला न्हेलती व्हय?"

बायकोनं ही बातमी कधी पुरवली, कुणास ठाऊक. मी मान खाली घातली. साडू गडबडीनं म्हणाला, "न्हाय न्हाय, आमचं गोड हाय." चेअरमन, ज्यांना आता सगळं आठवायला लागलं होतं, घसा खाकरून पुढं आले. "आक्का, काळजी करू नका. उद्याच सभा घेतो. अर्ज करून तार हायवेकडली बाजारगावाकडं फिरवून घिऊ."

आक्कांनी भरलेली घागर उचलून कमरेवर घेतली. "तारंला काय झालंय? तार ऱ्हाऊ द्या हाय तिथं," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरी तेवढा बदला."