मसूर निवडताना

आज इथं आखातात, अबू हमूरला मुलाच्या घरी मसुराची पिशवी फोडली आणि त्या मातकट वासानं माझी बायको सुमन आठवली. आम्ही दोघांनी बरोबर केलेलं शेवटचं काम म्हणजे मसूर निवडणं.

मी तेव्हा इथंच ड्रायव्हर, ती अल गराफात एका जर्मन प्रोफेसराकडे स्वयंपाकाला. तो खनिजं शिकवायचा, म्हणजे दगडच. त्या संध्याकाळीही तिचं तेच. "अहो, साहेबांचे वडील खाणीत मजूर होते. साहेब एकाच दगडावर सात वर्षं बसले, तेव्हा डॉक्टर झाले, मग प्रोफेसर." आणि साहेब दगड ओळखायला जिभेला लावायचा, तसा मसुरातला खडा तिनं जिभेला लावून पाहिला.

माझं डोकं फिरलं. "गावी वीस वर्षं गवंडीकाम केलं मी. माझे दगड नाही कधी चाटलेस!"

ती खदखदून हसली. "तुम्ही कधी काही सांगितलंत का त्या दगडांबद्दल?"

चौथीत शाळा सुटलेली बाई. तिला साहेब नव्हे, शाळा हवी होती, हे आज कळतं. तेव्हा मी मसुराचं ताट ढकलून उठलो.

पहाटे तिचं हृदय बंद पडलं. सकाळी हॉस्पिटलच्या बाकावर असताना साहेबाचा फोन आला, सुमन का नाही आली? "बरं नाही तिला," म्हणून मी फोन ठेवला. तो रडला असता, ते मला सोसलं नसतं. दिवसभर त्याला कळू दिलं नाही. तेवढा दिवस ती माझ्या एकट्याची होती.