वापरणारं कोणी दिसत नाही

मी पुसदला घरी बसून नोकरी करतो. नोकरीशिवाय आणखी एक काम आहे, त्याचा पगार मिळत नाही. फुकट मिळणारी एक लिनक्स प्रणाली आहे, तिच्यातल्या हजारो प्रोग्रामांची देखभाल जगभरातली माणसं हौसेनं करतात. त्यांतला मी एक. काही प्रोग्रामांना मात्र कोणीच वाली उरत नाही. लिहिणाऱ्यानं नोकरी बदलली, लेकरं झाली, किंवा तो गेलाच. आपल्याला कळत नाही. अशांना आम्ही अनाथ म्हणतो. अनाथांचं काय करायचं, ते ठरवणं माझ्याकडे होतं.

मागच्या वर्षी एक जुनी लायब्ररी काढायची ठरली. लायब्ररी म्हणजे तयार कोडचा गठ्ठा. पडद्यावरच्या खिडक्या, बटणं तिच्या जिवावर चालत. हॅकर आत शिरू शकतील अशा चोरवाटा तिच्यात सापडल्या होत्या आणि त्या बुजवायला कोणी नव्हतं. म्हणून तिच्यावर उभे असलेले प्रोग्राम एक तर नव्या लायब्ररीवर न्यायचे, नाही तर काढून टाकायचे.

त्यांत एक छोटा प्रोग्राम होता. ध्वनिमुद्रण उघडायचं, आवाजाच्या लाटा पाहायच्या आणि प्रत्येक तुकड्याखाली शब्द लिहायचे, एवढंच त्याचं काम. मूळ लेखक कित्येक वर्षं उत्तर देत नव्हता. कोणता प्रोग्राम किती लोक वापरतात याचा अंदाज आम्हाला मिळतो. इथे जवळजवळ काहीच नव्हतं. मी लिहिलं, ‘वापरणारं कोणी दिसत नाही. काढू या.’ परदेशातल्या एका सहकारी बाईंनी होकार दिला. प्रोग्राम गेला. कपाट आवरल्यावर वाटतं तसं मला बरं वाटलं.

पुढे दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्या एका ताईंचा फोन आला. ताई दिग्रस रस्त्याकडच्या एका बंजारा तांड्यात राहतात, शाळेत शिकवतात. त्यांचा जुना लॅपटॉप रखडायचा, म्हणून मीच त्यावर लिनक्स टाकून दिलं होतं. थोड्याच दिवसांपूर्वी नवी आवृत्तीही मीच फोनवरून टाकायला लावली होती. “जुनं काढू का विचारलं तर हो म्हणा,” असं सांगून.

“भाऊ, माफ करजा,” त्या म्हणाल्या. “तुमी एवढं करून देलं, अन् मी बिघडवून ठेवलं. माह्या हातून काही तरी दाबल्या गेलं. याडीची गाणी उघडूनच नाही राह्यली.”

याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई. रविवारी गाडी काढून गेलो. अंगणात बाजेवर याडी बसल्या होत्या. ताईंनी आधी चहा दिला, मग लॅपटॉप आणला. त्यात याडीचे ढावलो होते. लग्नात नवरी मुलगी माहेरच्यांच्या गळ्यात पडून रडत गाते ती गाणी. आवाज जुना होता, याडी धडधाकट होत्या तेव्हाचा. त्याखाली ताई गोरबोलीतले शब्द लिहायच्या आणि त्याखाली मराठी अर्थ. अर्थ याडीच सांगायच्या. हे काम ताईंनी मला पूर्वी एकदा सांगितलंही होतं. मी ‘छान’ म्हणालो होतो, पाहिलं मात्र काहीच नव्हतं.

फाइलच्या नावाचं शेपूट पाहिलं आणि मला कळलं, या मी काढलेल्या त्याच प्रोग्रामच्या फाइली. तरी मी “पाहतो” म्हणालो आणि उगाच इकडेतिकडे क्लिक करत राहिलो. मग त्या लॅपटॉपवरची, वापराचा अंदाज आम्हाला कळवणारी सोय उघडली. ती बंद होती. प्रणाली टाकताना ‘माहिती कळवायची का?’ या प्रश्नाला ताईंच्या वतीनं मीच ‘नाही’ म्हटलं होतं. त्यांचा नेट वाचावा म्हणून.

“ताई, तुमच्या हातून काही झालं नाही. तो प्रोग्राम मी काढला.”

“तुमी? कधी?”

“पुसदला बसून. सगळ्यांच्याच लॅपटॉपसाठी. कोणी वापरत नाही असं दिसत होतं.”

“मी वापरून राह्यली होती ना,” त्या म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. याडीनं गोरबोलीत काही विचारलं. ताई काय बोलल्या ते मला समजलं नाही. याडी माझ्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा काही म्हणाल्या.

“काय म्हणतात?”

“म्हणते, पोरगा दुरून आला, त्याले जेवाले वाढ.”

मी भाकर खाल्ली.

घरी येऊन तो प्रोग्राम नव्या लायब्ररीवर न्यायला बसलो. दुसऱ्याचं जुनं लिखाण, एक टाका उसवला की तीन सुटत. परत घ्या म्हणून कळवलं तेव्हा त्या सहकारी बाईंनी विचारलं, “सांभाळणार कोण?” मी माझं नाव दिलं. आवाज हळू करून ऐकायची सोय मात्र मला जमली नाही. गाण्यात गिळलेले शब्द ताई त्या सोयीनंच पकडायच्या.

थंडी सरता सरता प्रोग्राम घेऊन तांड्यावर गेलो. फाइली उघडल्या, शब्द जागच्या जागी होते. ताईंनी एक ढावलो लावला. याडीनं कानामागे हात धरला.

“याडी विचारते, कोण रडून राह्यलं,” ताई मला म्हणाल्या. मग त्यांनी याडीला सांगितलं की तूच. याडीला ते पटलं नाही.

मधल्या महिन्यांत याडीचं विसरणं वाढलं होतं. ज्या सुट्टीत ताई हे काम उरकणार होत्या ती गेली होती, आणि उरलेल्या गाण्यांचे अर्थ सांगणारं आता कोणी नव्हतं. “तसंही विसरतच होती थे,” ताई मला म्हणाल्या. मला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आता काही काढण्याआधी मी विचारतो, कोणी वापरतं का? पण आम्हा देखभाल करणाऱ्यांच्या ज्या मेल-गटात विचारतो तिथे ताईंसारखं कोणी फिरकत नाही. सध्या माझ्यापुढे आणखी एक अनाथ प्रोग्राम आहे, त्यातही चोरवाट आहे. तो ठेवला तर सगळ्यांनाच धोका. सहकारी बाईंनी दोनदा आठवण करून दिली आहे. त्यांचंच बरोबर आहे. माझ्याच्यानं अजून ‘काढू या’ लिहवत नाही.