चार बोटे आणि दहा हात

पृथ्वीच्या पोटात काय दडले आहे हे वरून ओळखणारी माणसे जगात फार थोडी झाली, आणि त्यांत आमच्या भाऊजींचे स्थान बरेच वरचे आहे. स्वतःच्या खिशात काय आहे, हे मात्र त्यांना ताईला विचारावे लागे. ताई म्हणजे माझी थोरली बहीण; तिला रोहिणखेडच्या अलीकडच्या एका खेड्यात दिली होती. मी बुलढाण्याला शाळामास्तर. सुटी लागली की मोटारीने घाट उतरून त्यांच्याकडे जाई, आणि दर खेपेला भाऊजी एका नव्या शास्त्रात पारंगत झालेले असत. एका वर्षी ते मुंग्यांच्या चालीवरून पाऊस सांगत. त्यांनी आकाश कोरडे राहणार म्हणून सांगितले की गावातल्या बाया वाळवणे आत घेत, इतका त्यांच्या शब्दावर विश्वास. पुढच्या वर्षी होमिओपॅथी आली. सगळ्या गावाला एकच गोळी. गुण आला तर तो शास्त्राचा, न आला तर दोष रोग्याच्या स्वभावाचा.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर कामठीला लष्कराचे भंगार लिलावात निघाले. भाऊजी घरासाठी दोन ताडपत्र्या आणायला गेले आणि जमिनीत पुरलेले सुरुंग हुडकायचे यंत्र घेऊन आले. लांब दांडा, त्याच्या टोकाला जेवणाच्या ताटाएवढी तबकडी, तबकडीत तांब्याच्या तारेचे वेढे, कानांवर चढवायचे दोन ठोकळे आणि पाठीवर घ्यायची बॅटरीची पेटी. खाली धातू असला की कानात कुईं वाजे. वऱ्हाड जसे मध्यप्रांताला जोडलेले होते, तशीच ती तबकडी दांड्याला जोडलेली होती: कामापुरती, आणि कुरकुरत.

ताईला मात्र यंत्र पाहून मनापासून आनंद झाला. त्याच सुगीत खळे सारवताना तिच्या मंगळसूत्रातल्या दोन डोरल्यांपैकी, म्हणजे सोन्याच्या वाट्यांपैकी, एक पडले होते, आणि ते शेणमातीत थापले गेले याची तिला खात्री होती. "मायनं देल्लं होतं रे भाऊ," ती मला म्हणाली. "एका डोरल्यानं हळदीकुंकवाले कशी जाऊ? बाया आधी गळ्याकडंच पाहातेत." मग भाऊजींकडे वळून, "अहो, तेवढं खळ्यातून फिरवा न ते. चार बोटावर असन."

"चार बोटं!" भाऊजींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की माझ्या बहिणीचे अज्ञान जणू मीच शिकवणी घेऊन तयार केले होते. "मास्तर, सांगा तुमच्या बहिणीले. हे यंत्र साहेबानं रणगाडे वाचवाले बनवलं. अन् मी त्याच्यानं डोरलं धुंडू?" त्यांचे लक्ष खळ्याच्या कडेच्या पडक्या गढीकडे होते. गढीत जुने धन पुरलेले होते, आणि ते त्यांच्या हिशेबाने दहा हात खाली होते. ताटाएवढ्या तबकडीची नजर हातभरसुद्धा जात नव्हती. तबकडी जेवढी रुंद तेवढी तिची पोच खोल, हे त्यांनी मला सुपारी फोडता फोडता समजावून दिले, आणि यात ते चक्क बरोबर होते. मोठ्या तबकडीला बारीक वस्तू दिसेनाशा होतात, हा त्याच शास्त्राचा उरलेला अर्धा भाग सुपारीबरोबर संपला.

मग मोठ्या तबकडीची निवड सुरू झाली. मुलीसाठी स्थळे पाहावीत तशी त्यांनी गोल वस्तू पाहिल्या. चाळणी कोती ठरली, टोपले लवचीक ठरले, आणि घरातली परात ताईने दिली नाही. शेवटी पसंत पडले ते बैलगाडीचे चाक. बाभळीचे मजबूत चाक, आकार निर्दोष, घरचेच. तार कमी पडली म्हणून जुन्या तबकडीतली सगळी उसवून तीही या चाकावर गुंडाळली. चाकाला बाहेरून लोखंडाची धाव बसवलेली असते, ही गोष्ट वऱ्हाडातल्या लहान लेकरालाही ठाऊक आहे. भाऊजींना ती इतकी ठाऊक होती की दिसली नाही.

दोन गड्यांनी बांबूला चाक टांगून उचलले आणि मागे कानांवर ठोकळे लावून भाऊजी चालू लागले. शेजारचे बागवानचाचा कुंपणावरून बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी अदबीने विचारले, "पाटील, बैल कुठी गेले?"

भाऊजींना ऐकू गेले नाही, कारण यंत्र बोंबलत होते. गढीत बोंबलले, खळ्यात बोंबलले, मारुतीच्या पारावर बोंबलले. "मास्तर, सारं गाव धनावर बसून हाय!" मला राहवेना. मी चाक माडीवर नेऊन पाहायला सुचवले. ते तिथेही बोंबलले. "पाहा," भाऊजी म्हणाले, "केवढा साठा असन तो! वरपर्यंत येऊन राह्यला आवाज."

त्या बोंबलण्यातच बॅटरी संपली. शेवटी धाव उतरवली तेव्हा यंत्र मुके झाले होते, आणि तशी बॅटरी पुन्हा कामठीलाही मिळाली नाही. त्या वर्षी ताई कोणाकडेही हळदीकुंकवाला गेली नाही.

पुढच्या सुटीत गेलो तेव्हा चाक गाडीला परत बसले होते. पावसाळाभर ओसरीवर बसून भाऊजींनी तार सोडवून पुन्हा त्या ताटाएवढ्या तबकडीत भरली होती. रोज दुपार कलली की ते ठोकळे कानांवर चढवून खळ्यात उतरत आणि तबकडी जमिनीला लागेल इतकी खाली धरून सावकाश फिरत. ताई दगडावर बसून जागा दाखवी. "जरासक अलीकडं. हाव, तिथंच." आणि भाऊजी, ज्यांनी जन्मात कोणाचे ऐकले नाही, ते जरासे अलीकडे येत. गढीकडे त्यांची पाठ असे.

हा क्रम वर्षानुवर्षे चालला. ताई पुन्हा हळदीकुंकवाला जाऊ लागली. कोणी गळ्याकडे पाहिले तर सांगे, "दुसरं हाय न, खळ्यात हाय. हे रोज पाहून येतेत त्याले."

एकदा मी भाऊजींना विचारले, "काही ऐकू येते का?"

त्यांनी एका कानावरचा ठोकळा बाजूला केला. "अजून नाही. पण तुमच्या ताईनं सांगतली ते जागा बरोबर हाय."

बॅटरीची पेटी तोवर स्वयंपाकघरात गेली होती. ताई तिच्यात मेथ्या ठेवी.